टाच की चवडा? आधी पाऊल कुठे पडतं ते बघा

धावण्याची ढब सुधारायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास टाचेचा येतो. माझी टाच आधी टेकते, चवड्यावर धावायला कसं शिकू? हा बदल स्वतःच्या पायांवर करून आणि नंतर इतरांकडून करवून घेताना माझं मत पक्कं झालं आहे की इथून सुरुवात केली तर काम बिघडतं. पावलाचा कुठला भाग आधी टेकतो हा परिणाम आहे. त्याची कारणं वरच्या अंगाला असतात: पाऊल शरीराच्या किती पुढे पडतं, मिनिटाला किती पावलं पडतात, धड कसं तोललेलं आहे. ती सुधारली की पाऊल आपसूक नीट टेकायला लागतं. आणि या सगळ्याला किती वेळ लागणार हे दमावर अवलंबून नसतं, ते पोटऱ्या, अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा) आणि पावलातली लांब हाडं ठरवतात.

चवड्याचं वेड आलं कुठून? २०१० साली डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि टाच आपटताना बसणारा पहिला तीव्र झटका त्यांच्यात जवळपास दिसत नाही, असं त्यात मांडलं होतं. त्यावरून नैसर्गिक धावणं म्हणजे चवड्यावर धावणं असं समीकरण रूढ झालं. पण २०१३ साली उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला. हे लोकही अनवाणीच वावरणारे, तरी आपल्या सोयीच्या वेगाने लांब धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचेवर उतरत होते. वेग वाढल्यावर हे प्रमाण कमी झालं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरच्या दर्जाच्या हाफ मॅरेथॉन धावपटूंची पावलं १५ किलोमीटरच्या टप्प्यावर टिपली, त्यातही सुमारे ७५ टक्के टाचेवर उतरणारे निघाले. तेव्हा टाच लागली म्हणून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते जवळपास सरळ गुडघ्याने, पाय लांब पुढे फेकून टाच आपटण्याला.

म्हणून पहिलं काम व्हिडिओचं. आपण कसे धावतो हे आतून कळत नाही. मी चवड्यावरच उतरतो असं ठामपणे सांगणारे कित्येक जण व्हिडिओत टाचेवर उतरताना दिसतात. फोनचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवायचा, फोन कमरेच्या उंचीवर स्टँडला पक्का लावायचा, धावण्याच्या रेषेपासून चार-पाच मीटर लांब आणि रेषेशी काटकोनात. कोणीतरी शेजारून पळत हातात फोन धरून काढलेला व्हिडिओ निरुपयोगी, कारण त्यात कोन सतत बदलतो. दहा मिनिटं हलकं धावून अंग गरम झालं की कॅमेऱ्यासमोरून नेहमीच्या वेगाने पाच-सहा फेऱ्या मारायच्या. पहिल्या दोन सोडून द्यायच्या. कॅमेऱ्याचं भान असतं तोवर प्रत्येक जण छानच धावतो. एक फेरी मागून टिपायची आणि एक लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावण्याच्या, शेवटच्या किलोमीटरमध्ये. दमलेल्या पायांची ही फेरी सगळ्यात खरी.

त्यात दोनच क्षण थांबवून बघायचे. पहिला, पाऊल जमिनीला लागतं तो. नडगी जमिनीशी जवळपास काटकोनात आहे की घोटा गुडघ्याच्या पुढे गेलाय? गुडघा १५-२० अंश तरी वाकलेला आहे का? दुसरा क्षण, शरीर पावलाच्या बरोबर वर येतं तो. मागून बघताना इथे शॉर्ट्सचा कमरपट्टा आडवा राहायला हवा. हवेतल्या पायाच्या बाजूला तो खचत असेल तर टेकलेल्या पायाच्या नितंबाचा बाजूचा स्नायू भार पेलत नाही. फ्रेम मोजण्याचाही उपयोग होतो. टेकल्यापासून सुटेपर्यंत ६० फ्रेम म्हणजे पाऊल पाव सेकंद जमिनीवर होतं. हौशी रनर सावकाश धावताना हा आकडा साधारण ६० ते ७० असतो. तो वहीत लिहून ठेवायचा, पुढे तुलनेला लागतो.

पाऊल शरीराखाली पडू दे, असं सगळे सांगतात. सूचना चांगली, पण शब्दशः घेतली तर घोटाळा होतो. एकसारख्या वेगाने धावताना पाऊल गुरुत्वमध्याच्या थोडं पुढेच पडतं, पडायलाच हवं. टेकताना थोडा ब्रेक लागतो, सुटताना तितकाच जोर मिळतो, तेव्हाच वेग कायम राहतो. अगदी पोटाखाली पाऊल ठेवायच्या नादात लोक कमरेतून पुढे वाकतात, तुरुतुरु पावलं टाकतात आणि पाठ दुखवून घेतात. लक्ष्य इतकंच की टेकण्याच्या क्षणी घोटा गुडघ्याच्या पुढे नसावा.

हे साधायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे कॅडेन्स, मिनिटाची पावलं. उजवा पाय किती वेळा टेकतो ते ३० सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. ४० भरले तर कॅडेन्स १६०. इथे १८० या आकड्याने फार गोंधळ घातला आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळ्यांची १८० किंवा त्याहून जास्त भरली. पण ते शर्यतीत, शर्यतीच्या वेगाने धावणारे लोक होते. उंच माणूस सावकाश धावत असेल तर त्याला १८० बळजबरीचं होतं. आपल्या आजच्या आकड्यात पाच ते सात टक्के वाढ, एवढंच धरायचं. १६० असेल तर १६८. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या हायडरशाइट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात वेग तोच ठेवून कॅडेन्स पाच ते दहा टक्के वाढवल्यावर गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी झाल्याचं दिसलं. याहून मोठी उडी मारली तर दम लागतो. प्रत्येकाने नकळत निवडलेली ढांग त्याच्यासाठी सगळ्यात कमी ऊर्जा लागणाऱ्या ढांगेच्या जवळपासच असते, हे १९८२ पासून माहीत आहे. थोडं सरकायला वाव असतो, फार नाही.

वेग तोच ठेवायचा, हा भाग बहुतेकांचा चुकतो. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारं ॲप किंवा यंत्र) लावला की माणूस भरभर धावायला लागतो. किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा पेस असेल तर १६० पावलांत ढांग ९६ सेंटीमीटर पडते, १६८ पावलांत साडे-एक्याण्णव. म्हणजे प्रत्येक ढांग जेमतेम साडेचार सेंटीमीटरने आखडायची आहे. पहिल्या दिवशी ही साडेचार सेंटीमीटर फूटभर वाटतात, आपण हास्यास्पद धावतोय असं वाटत राहतं. व्हिडिओत फरक शोधूनही सापडत नाही. घड्याळ बघून पेस वाढतोय असं दिसलं की ढांग अजून आखडायची.

मेट्रोनोम १६८ वर लावला की दर ठोक्याला एक पाऊल. मला तो टिकटिकाट नकोसा होतो, म्हणून मी ५६ वर लावतो, म्हणजे दर तिसऱ्या पावलाला ठोका. तो एकदा उजव्या पायावर पडतो, एकदा डाव्यावर, त्यामुळे एकाच पायावर जोर द्यायची खोड लागत नाही. दोन मिनिटं ठोक्याबरोबर, मग तीन मिनिटं ठोका बंद करून तीच लय धरायची, असं आलटूनपालटून. ठोका सतत चालू ठेवला तर लय कानात राहते, पायात उतरत नाही.

धडाचं थोडक्यात सांगतो. पुढे कलणं घोट्यातून हवं, कमरेतून नाही. ताठ उभं राहून टाचा न उचलता सगळं शरीर एकसंध पुढे कलू द्यायचं. पाऊल टाकल्यावाचून राहवत नाही त्या टोकाच्या बरंच अलीकडे सावकाश धावण्यातलं कलणं असतं. नजर १५-२० मीटरवर. कोपर काटकोनाच्या आसपास, जोर मागे न्यायचा, पुढे हात आपोआप येतो. तळहात छातीची मधली रेषा ओलांडत असतील तर धड पिळवटतंय, आणि त्याचं कारण पुष्कळदा खाली असतं: पावलं एकमेकांच्या वाटेत पडत असतात. मैदानावर आखलेल्या रेषेवरून धावून बघा. डावं पाऊल रेषेच्या डावीकडे आणि उजवं उजवीकडे, दोन्ही रेषेला चिकटून पडली तर ठीक. रेषा ओलांडून पलीकडे जात असतील तर नडगीची आतली बाजू आणि मांडीच्या बाहेरचा पट्टा, दोघांवर ताण येतो.

आता पोटऱ्यांकडे. नवी ढब गुडघ्याचा भार कमी करते म्हणतात, ते खरं आहे, पण तो भार हवेत विरत नाही. तो खाली घोट्याकडे, पोटरीकडे आणि अकिलीसकडे येतो. म्हणून धावण्यात काहीही बदलायच्या आधी तीन-चार आठवडे मी फक्त पाय तयार करायला लावतो. परीक्षा सोप्या आहेत. भिंतीपासून अंगठा दहा सेंटीमीटर लांब ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावता येतो का? एका पायावर उभं राहून टाच पूर्ण उचलणं सलग २० ते २५ वेळा जमतं का? अनवाणी एका पायावर ३० सेकंद न डगमगता उभं राहता येतं का? एका पायावर २० छोट्या उड्या दुखल्याशिवाय होतात का?

टाच उचलण्यात बहुतेक जण पंधरावर अडकतात, आणि फसवणूकही इथेच होते: शेवटचे काही वेळा टाच अर्धीच उचलली जाते किंवा शरीर पुढे झुकवून झोका घेतला जातो. भिंतीला बोटाचं टोक टेकवून, गुडघा सरळ, दोन सेकंदांत वर आणि तीन सेकंदांत खाली. वर गेल्यावर घोटा बाहेर कलंडू द्यायचा नाही, भार अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी हवा. १५ चे तीन सेट, एक दिवसाआड. त्याबरोबर गुडघा किंचित वाकवून तेवढेच. गुडघा वाकला की वरचा मोठा स्नायू सैलावतो आणि आतला सोलियस कामाला लागतो. सावकाश लांब धावण्यात खरं ओझं वाहतो तो सोलियसच, म्हणून वाकलेल्या गुडघ्याचे सेट टाळायचे नाहीत.

एक जुना व्यायामही इथे घालावा. वॉल्टर जॉर्ज या इंग्रज धावपटूने १८८६ साली मैल ४ मिनिटं १२ पूर्णांक ३/४ सेकंदांत मारला आणि तो विक्रम जवळपास तीस वर्षं टिकला. जागच्या जागी शंभर पावलं उचलण्याचा व्यायाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. जमिनीवर सुमारे २० सेंटीमीटर अंतराने दोन समांतर रेघा मारायच्या, प्रत्येकीवर एक पाऊल. गुडघा खुब्याच्या उंचीला आणायचा आणि पाऊल चवड्यावर अलगद त्याच जागी ठेवायचं. शंभर भरेपर्यंत पावलं पुढे सरकली, रेघ सोडून गेली किंवा आवाज वाढला की थांबायचं, तेवढ्यावर त्या दिवसाचं काम संपलं. सुरुवातीला वीस-तीसच होतात. पाऊल पुढे न फेकता उचलायचं कसं, हे यातून जितकं लवकर कळतं तितकं सांगून कळत नाही.

या परीक्षा पास झाल्या की पहिले दोन आठवडे फक्त स्ट्राइड्स, म्हणजे वेगाने पण सैल धावण्याच्या छोट्या दौडी. हलकं धावणं संपल्यावर २० सेकंदांच्या चार ते सहा, मधे पूर्ण विश्रांती, आठवड्यातून दोनदा. शक्यतो चार-पाच टक्के चढावर. चढावर पाय लांब पुढे फेकणं जवळपास अशक्य असतं, म्हणून तिथे ढब शिकवावी लागत नाही. त्यानंतर नेहमीच्या धावण्यात एक मिनिट नवी ढब, चार मिनिटं जुनी. दर आठवड्याला नवीचा वाटा थोडा वाढवायचा आणि त्या वेळी आठवड्याचं एकूण अंतर वाढवायचं नाही. लाँग रन जुन्याच ढबीत राहू द्यायचा. तो सगळ्यात शेवटी बदलायचा. १२ ते १६ आठवडे लागतात. घाई केल्याने ते कमी होत नाहीत.

तिसरा ते सहावा आठवडा सगळ्यात फसवा. पोटऱ्यांचं दुखणं थांबलेलं असतं, पाय हलके वाटतात, आणि माणूस अंतर वाढवतो. पण हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग काढतं आणि मग नवा भरतं. काढायला काही आठवडे लागतात, भरायला महिने. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं आणि आतून काहीच कळत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत पातळ तळाच्या पंचबोटी बुटांकडे वळलेल्या रनर्सच्या पावलांचे एमआरआय काढले होते. आपले नेहमीचे बूट वापरत राहिलेल्यांपेक्षा या गटात हाडाच्या आत सूज आलेले जास्त निघाले. दहा आठवडे पुरत नाहीत, हे मी त्यावरूनच धरतो.

दुखण्याची पारख यायला हवी. दोन्ही पोटऱ्या सारख्या जड, चालल्यावर मोकळ्या होतात आणि ४८ तासांत थांबतात: चालू ठेवा. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात टेंडन सकाळी कडक वाटतं आणि आजची सकाळ कालच्यापेक्षा वाईट: नव्या ढबीची मिनिटं निम्मी करा, टाच उचलण्याचा व्यायाम सावकाश चालू ठेवा. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागच्या लांब हाडावर एका बोटाने दाबलं की नेमकं दुखतं आणि त्या पायावर उडी मारवत नाही: धावणं तिथल्या तिथे बंद आणि डॉक्टरांकडे. बारीक तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा धावायला लागू नका.

हे सगळं चालू असताना थोडं अनवाणी धावणं फार उपयोगी पडतं, बूट कायमचे सोडायचे नसले तरी. स्वच्छ, गुळगुळीत, टणक जमीन निवडायची. गवत मऊ म्हणून बरं वाटतं, पण ते चुका लपवतं आणि गवतात काय दडलंय दिसत नाही. हलक्या धावण्यानंतर २०० मीटरपासून सुरुवात, आठवड्यातून दोन-तीनदा. तळव्यावर फोड कुठे येतो त्यावरून चूक वाचता येते. टाचेवर आला तर पाऊल पुढे टाकून ब्रेक लागतोय. अंगठ्याच्या मुळाशी आला तर सुटताना जमीन मागे खरवडली जातेय. पाऊल ढकलायच्या ऐवजी उचलायचं. बोटांच्या टोकांना आला तर बोटं आवळून जमीन धरायचा प्रयत्न होतोय. फोड घर्षणातून येतो, निव्वळ भारातून नाही, त्यामुळे पाऊल सरळ खाली ठेवून सरळ वर उचलणाऱ्याचा तळवा तापतो पण फोडला जात नाही. फोड आला की त्या दिवशी थांबायचं.

इथेच एक उलटी चूक होते. आवाज न करता उतरायच्या नादात टाच जमिनीला लागूच दिली जात नाही, चवड्यावर तरंगत धावणं सुरू होतं. चवडा आधी टेकला तरी त्यानंतर टाचेने जमिनीला हलका स्पर्श केलाच पाहिजे. त्या टेकण्यात अकिलीस ताणला जातो आणि सुटताना तीच ऊर्जा परत देतो. टाच अधांतरी धरली तर पोटरी पूर्ण वेळ आवळलेली राहते आणि तीन-चार किलोमीटरमध्ये पेटते. तळवा सैल आणि घोटा सैल, हे दोन शब्द धावताना मनात म्हणायला पुरतात.

बुटांबाबत माझं म्हणणं एकच: ढब आणि बूट एकाच वेळी बदलू नका. आधी जुन्याच बुटात कॅडेन्स आणि पावलाची जागा बसू द्या. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक १०-१२ मिलिमीटर असेल तर पुढचा जोड सहा-आठचा घ्या, त्यावर काही महिने काढा, मग हवा तर चारचा. शून्यावर जायलाच हवं असं काही नाही. अबेबे बिकिला १९६० ला रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला आणि १९६४ ला टोकियोत बूट घालून. ढब त्याच्या पायात होती.

हा बदल कोणाला सांगत नाही तेही लिहितो. वर्षानुवर्षं न दुखता धावणाऱ्याला नाही. अकिलीस किंवा पोटरी वारंवार दुखावणाऱ्याला चवड्याकडे ढकलत नाही. त्याला फक्त कॅडेन्स, तीही तीन-चार टक्के. शर्यत तीन महिन्यांवर आली असेल तर कोणालाच नाही. सगळ्यात जास्त फायदा होतो तो गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्या, लांब ढांगा टाकणाऱ्या रनरला.

सोळाव्या आठवड्यानंतर तोच व्हिडिओ, तोच कोन, तोच वेग, आणि पुन्हा एक फेरी लाँग रनच्या शेवटी. ताज्या पायांची फ्रेम सुधारलेली असते, दमलेल्या पायांची बहुधा अर्धीच. ती मागे राहिली असेल तर लाँग रनच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दर दहा मिनिटांनी एक मिनिट ठोका लावा. उतारावर जुनी लांब ढांग सगळ्यात आधी परत येते, तिथे ठोका आणखी चार-पाचने वाढवा. आजारपणामुळे किंवा सुट्टीमुळे दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर नव्या ढबीची मिनिटं निम्म्यावरून सुरू करा. दम आठवड्याभरात परत आल्यासारखा वाटतो, पोटऱ्यांना त्याहून जास्त वेळ लागतो.